नाव मागे राहिलं, काम पुढे गेलं : ओपनऑफिस ते लिब्रेऑफिस



इतिहासाच्या व्याख्यानमालेत संगणकाच्या एका प्रोग्रामचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. पण इतिहास फक्त किल्ल्यांचा आणि राजांचा नसतो. आपण रोज ज्या साधनाने लिहितो त्यालाही इतिहास असतो, आणि ते साधन म्हातारं झालं की त्याच्या वारसाचा प्रश्न उभा राहतो. वारसाचा प्रश्न आला, की भांडण आलं, कागदपत्रं आली, नावाचा हक्क आला. आजची गोष्ट अशीच आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, सोसायटीच्या ऑफिसात किंवा क्लासच्या जुन्या पीसीवर उडत्या पक्ष्यांचं चित्र असलेला एक आयकॉन असेल. ओपनऑफिस. पत्र लिहायला, हिशेबाचा तक्ता करायला, फुकट मिळणारा प्रोग्राम. तो अजून उघडतो, अजून चालतो, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. त्याची 4.1 ही आवृत्ती एप्रिल 2014 मध्ये आली आणि त्यानंतर फक्त तिच्याच डागडुजीच्या छोट्या आवृत्त्या निघाल्या. त्याचा वारस, लिब्रेऑफिस, मात्र सप्टेंबर 2010 पासून हजर आहे. मग इतकी वर्षं इतके लोक जुन्याच घरात का राहिले? आणि जे नव्या घरात गेले त्यांना सोबत काय नेता आलं? हे दोन प्रश्न मी आज घेणार आहे.

सुरुवात जर्मनीतून करावी लागेल. लूनेबर्ग नावाच्या गावात मार्को ब्योरिस या शाळकरी वयाच्या मुलाने 1985 मध्ये स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. त्याचा पहिला माल म्हणजे स्टाररायटर, लेखनाचा प्रोग्राम. पुढे त्यात तक्ते आले, चित्रं आली आणि त्याचं स्टारऑफिस झालं. ऑगस्ट 1999 मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी 7 कोटी 35 लाख डॉलर देऊन विकत घेतली. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 2000 ला, सनने या प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे त्याची मूळ संहिता, सगळ्या जगासाठी खुली केली. त्यातून ओपनऑफिस डॉट ऑर्ग जन्माला आलं. 2002 च्या मे महिन्यात त्याची 1.0 आवृत्ती आली.

आपल्याकडे तेव्हा काय होतं ते आठवा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला पीसी, आणि त्यात दुकानदाराने 'टाकून दिलेलं' ऑफिस. ते कुठून आलं, हे कोणी विचारत नव्हतं. अशा काळात एक पूर्ण ऑफिस कायद्याने फुकट मिळणं ही मोठी गोष्ट होती. पण आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. ज्याची संहिता खुली आहे, त्यात आपली भाषा आपण घालू शकतो. कोणा कंपनीला मराठी बाजार फायद्याचा वाटेपर्यंत थांबायची गरज नाही.

हे काम आपल्या उपनगरांतही झालेलं आहे. जुहूला, गुलमोहर क्रॉस रोडवर एनसीएसटी नावाची सरकारी संस्था होती, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. ती 2003 मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून या संस्थेने 'इंडिक्स' हा प्रकल्प केला. माटुंग्याच्या व्हीजेटीआयशी जोडलेल्या इंडिकट्रान्स गटाने 'गार्गी' नावाचा देवनागरी फाँट मोफत आणि खुला करून दिला. कोणी अक्षरं पाहत होतं, कोणी मेनूचं भाषांतर करत होतं. ही सगळी माणसं एकाच गोष्टीवर भिस्त ठेवून होती : आज केलेलं काम उद्या कोणी कुलूप लावून बंद करणार नाही.

आता कुलपाची वेळ कशी आली ते पाहू.

2009 च्या एप्रिलमध्ये ओरॅकल या कंपनीने सन विकत घेणार असं जाहीर केलं, आणि जानेवारी 2010 मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. ओरॅकलचा धंदा डेटाबेसचा. सनबरोबर ओपनऑफिस तिच्या पदरात आलं. त्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या मनात धाकधूक होती. सनच्याच काळात कुरबुरी सुरू झाल्या होत्या. कोणी सुधारणा पाठवली, तर आधी आपल्या लेखनावरच्या हक्कात सनला वाटेकरी करून घेणाऱ्या करारावर सही करावी लागे. पाठवलेल्या सुधारणा महिनोन्‌महिने पडून राहत. म्हणून नोव्हेल कंपनीच्या लोकांनी आपल्या सुधारणांसह 'गो-ओओ' नावाची वेगळी चूल आधीच मांडली होती.

28 सप्टेंबर 2010 ला या मंडळींनी एकत्र येऊन 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' जाहीर केलं. त्यांनी ओरॅकलला आमंत्रण दिलं : तुम्हीही या, आणि 'ओपनऑफिस' हे नाव या फाउंडेशनला देऊन टाका. तोवर कामचलाऊ म्हणून त्यांनी एक नाव घेतलं, लिब्रेऑफिस. ओरॅकलने नाव दिलं नाही. उलट, ओपनऑफिसच्या समितीत असलेल्या आणि नव्या फाउंडेशनमध्ये गेलेल्या लोकांनी समितीतून बाहेर पडावं असं सांगितलं. कामचलाऊ नाव कायमचं झालं.

मुलुंड, बोरिवली, घाटकोपरच्या लोकांना हे चटकन समजेल, कारण आपल्या इमारतींचं असंच असतं. फ्लॅट आपल्या नावावर, देखभाल आपण करतो, पण कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर जमीन बिल्डरच्या नावावर. वर्षानुवर्षं काही अडत नाही. पुनर्विकासाची वेळ आली की सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढायचं ठरतं, आणि मग कळतं की मालक वेगळाच आहे. ओपनऑफिसच्या रहिवाशांनाही 2010 मध्ये हेच कळलं. संहिता खुल्या परवान्याखाली होती, त्यामुळे ती उचलून नवं घर बांधायचा त्यांना पूर्ण हक्क होता. तो हक्क कोणालाच काढून घेता आला नाही. पण इमारतीवरची पाटी ओरॅकलची होती.

नवं घर बांधायचं तर पैसा लागतो. जर्मन कायद्यानुसार फाउंडेशन स्थापायला मूळ भांडवल दाखवावं लागतं. फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांनी 50,000 युरोंचं आवाहन केलं आणि लोकांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून ते 8 दिवसांत जमलं. आपण गणपतीची वर्गणी गोळा करतो तशीच ही वर्गणी. त्याच्या आधीच, 25 जानेवारी 2011 ला, लिब्रेऑफिसची 3.3 ही पहिली आवृत्ती बाहेर पडली होती. एप्रिल 2011 मध्ये आलेल्या उबुंटू 11.04 मध्ये ओपनऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आलं. लिनक्सच्या इतर वितरणांनीही तेच केलं.

इथे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. लिनक्स वापरणाऱ्याला काहीच करावं लागलं नाही. सिस्टिम अपडेट झाली, जुनं गेलं, नवं आलं. विंडोज वापरणाऱ्याचं तसं नव्हतं. तो स्वतः शोधून प्रोग्राम उतरवतो, आणि शोधतो नावाने. त्याच्या कानावर दहा वर्षं एकच नाव पडलेलं, ओपनऑफिस. त्या नावाने शोधलं की जुन्या पाटीचंच घर सापडणार. आपल्याकडे विंडोजच जास्त, म्हणून आपल्याकडे जुनं घर जास्त काळ गजबजलेलं राहिलं.

आणि ती पाटी गेली कुठे? जून 2011 मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊन टाकलं. नावासकट. आधी सांगितलेले ते हक्काचे करार इथे उपयोगी पडले. लेखनावरचे हक्क ओरॅकलकडे एकवटलेले असल्यामुळे तिला संहितेचा परवानाही बदलून देता आला. मे 2012 मध्ये 'अपाची ओपनऑफिस' या नावाने 3.4 आवृत्ती आली.

मी इथे कोणाला खलनायक करणार नाही. अपाची ही नावाजलेली संस्था आहे, इंटरनेटचा मोठा भाग तिच्या सॉफ्टवेअरवर चालला आहे. तिथले स्वयंसेवक निष्ठेने काम करत होते. आयबीएमने आपल्या सिंफनी या प्रोग्रामची संहिता त्यांना दिली आणि त्यातून 4.0 आवृत्तीत बाजूची पट्टी, साइडबार, आली. चांगली सोय होती. पण परवान्यांची गंमत बघा. अपाचीचा परवाना सैल आहे, त्याखालची संहिता कोणीही घेऊ शकतो. लिब्रेऑफिसचा परवाना म्हणतो, घ्या, पण सुधारणा कराल तर त्याही खुल्या ठेवा. म्हणून अपाचीकडची चांगली गोष्ट लिब्रेऑफिसला घेता येत होती, लिब्रेऑफिसची अपाचीला घेता येत नव्हती. तो साइडबार 2013 मध्येच लिब्रेऑफिसमध्ये आला. पाणी एकाच बाजूला वाहत होतं, आणि माणसंही हळूहळू पाण्याबरोबर गेली.

नव्या घरात काय चाललं होतं? बरंचसं काम दिसण्यासारखं नव्हतं. संहितेत जागोजागी जर्मन भाषेतल्या टिपा होत्या, लूनेबर्गच्या काळातल्या. जगभरच्या माणसाला त्या वाचता येणार कशा? लोकांनी बसून, काही वर्षं लावून, त्या इंग्रजीत आणल्या. कुठेच न वापरला जाणारा मृत मजकूर काढून टाकला. नवख्याला पहिल्या दिवशी जमतील अशा सोप्या कामांची यादी लावली. जुनं सामान बाहेर काढणं, गळती शोधणं, वायरिंग बदलणं, अशा कामाचे फोटो कोणी काढत नाही. पण पुढच्या पंचवीस वर्षांची सोय त्यातूनच होते.

जुन्या घराची अवस्था 2016 मध्ये उघड झाली. त्या वर्षी जुलैमध्ये ओपनऑफिसमधली सुरक्षेची एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. मुद्दाम बिघडवलेली एक प्रेझेंटेशन फाइल उघडली तर संगणक धोक्यात येऊ शकत होता. दुरुस्त केलेली आवृत्ती त्या दिवशी तयार नव्हती. ती, म्हणजे 4.1.3, ऑक्टोबरमध्ये आली. मधल्या सप्टेंबरमध्ये प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख डेनिस हॅमिल्टन यांनी सहकाऱ्यांसमोर स्पष्ट प्रश्न ठेवला : हा प्रकल्प बंद करायचा झाला तर काय काय करावं लागेल? कामाला पुरेसे हात उरले नाहीत, हे त्यामागचं कारण होतं. प्रकल्प बंद झाला नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये, ओपनऑफिसला वीस वर्षं झाली तेव्हा, डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचीला जाहीर पत्र लिहिलं. मागणी साधी होती : तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना निदान सांगा, की काम पुढे चालू असलेला एक वारस आहे.

आता दुसरा प्रश्न. सोबत काय नेता आलं? माझ्या मते हा खरा गाभा आहे.

2005 च्या मे महिन्यात ओडीएफ, म्हणजे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, हे खुलं मानक ठरलं. 2006 मध्ये त्याला आयएसओची मान्यता मिळाली. फाइल आतून कशी रचलेली असते, हे कोणालाही वाचता येईल असं लिहून ठेवलेलं आहे. ओपनऑफिस 2.0 पासून याच स्वरूपात फाइल साठू लागली. परिणाम काय? 2006 साली ओपनऑफिसमध्ये लिहिलेलं तुमच्या सोसायटीचं इतिवृत्त आज लिब्रेऑफिसमध्ये उघडतं. प्रोग्राम बदलला, मालक बदलले, नाव बदललं, दस्तऐवज जागचा हलला नाही.

याच्या शेजारी आपल्या मराठीचा अनुभव ठेवून पाहा. 1990 च्या दशकात अंधेरी, घाटकोपर, मुलुंड स्टेशनांबाहेर डीटीपीची दुकानं होती. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक, स्मरणिका, सगळं तिथे टाइप व्हायचं. पेजमेकर हा प्रोग्राम, आणि श्री-लिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव यांतला कुठला तरी फाँट. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर मराठी दिसायचं, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'भारत' हा शब्द आतून 'एच-के-के-जे-आर' असा असतो. तो फाँट काढून टाका, की उरतो फक्त कचरा. आणि प्रत्येक कंपनीची जागांची मांडणी वेगळी. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी मानक 1991 मध्ये आलेलं होतं, युनिकोडमध्येही देवनागरी होती, पण छपाईच्या बाजारात फाँटचं राज्य चाललं.

लिब्रेऑफिसच्या 4.4 आवृत्तीत, जानेवारी 2015 मध्ये, पेजमेकरच्या फायली उघडायची सोय आली. म्हणजे मूळ प्रोग्राम बाजारातून गेल्यावरही ते पेटारे उघडू शकतात. पण पेटारा उघडला तरी आतली अक्षरं? ती 'एच-के-के-जे-आर'च. त्यासाठी फाँट कुठला होता ते माहीत असायला हवं, आणि युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं. म्हणजे वारसा दोन थरांचा आहे. एक फाइलचं स्वरूप, दुसरा अक्षरांचा संकेत. दोन्ही खुले असतील तरच मजकूर पुढच्या पिढीला मिळतो. एक जरी बंद असला तर तो मजकूर एखाद्या जाणकाराच्या आठवणीवर तगून राहतो, आणि तो जाणकार निवृत्त झाला की प्रश्न मिटतो. वाईट अर्थाने.

वारसाकडे मराठीने अजून एक गोष्ट मिळवली. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही. वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर. रफार वर चढतो. आणि 'वऱ्हाड', 'दऱ्या' यांतला आडवा रफार तर आपली खास गोष्ट. अक्षरांची ही जुळणी करणारं इंजिन आधी विंडोजवर एक, लिनक्सवर दुसरं, मॅकवर तिसरं असं होतं. फेब्रुवारी 2017 मध्ये आलेल्या लिब्रेऑफिस 5.3 पासून सगळीकडे एकच इंजिन वापरलं जाऊ लागलं, हार्फबझ. नाव फारसी शब्दांवरून, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुलं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळे हेच इंजिन वापरतात. त्यामुळे तिथे कोणी इराणी, जर्मन किंवा केरळी माणसाने एक दोष काढला, तर त्याचा फायदा बोरिवलीत टाइप करणाऱ्यालाही होतो. ही सामाईक विहीर आहे.

शेवटचा मुद्दा माणसांचा. प्रोग्राम बदलताना लोक अडतात ते सवयीपाशी. बटण कुठे गेलं, ही तक्रार खरी असते. तिचं उत्तर आपल्या पवईतून मिळालं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा केला. केंद्र सरकारच्या शिक्षण अभियानाचा पैसा त्यामागे होता. साधारण दहा मिनिटांचा एक धडा, पडद्यावर कृती दिसते, आवाज समजावतो, तुम्ही थांबवून तसंच करून बघायचं. लिब्रेऑफिसच्या रायटर, कॅल्क, इम्प्रेस, बेसवर असे धडे आहेत आणि ते मराठीतही ऐकता येतात. ज्याला इंग्रजी मॅन्युअल परकं वाटतं, त्याच्यासाठी ही पायरी ठेवलेली आहे. केरळने शाळांमध्ये खुलं सॉफ्टवेअर रुजवलं, तेही आधी शिक्षकांना शिकवून. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकवणं फुकट होत नाही. त्याला माणसं आणि वेळ लागतो.

मग आपण काय करायचं? चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. एक, जुन्या पीसीवर ओपनऑफिस असेल तर लिब्रेऑफिस घ्या. फायली तशाच उघडतील. सरकारी किंवा बँकेची कामं करताना 'डॉक्स' स्वरूपात फाइल मागतात. जुनं ओपनऑफिस ती उघडतं, पण त्या स्वरूपात साठवू शकत नाही. लिब्रेऑफिस साठवतं. दोन, बदल करण्याआधी सगळ्या फायलींची एक प्रत बाहेर काढून ठेवा, आणि महत्त्वाचे हिशेबाचे तक्ते नव्यात उघडून बेरजा ताडून पाहा. तीन, जे कायम ठेवायचं ते ओडीएफमध्ये ठेवा, सोबत एक पीडीएफ. चार, आणि हे सगळ्यात तातडीचं : तुमच्या मंडळाच्या, वाचनालयाच्या, शाळेच्या कपाटात जुन्या फाँटमधल्या स्मरणिकांच्या सीडी असतील, तर त्या टाइप करणारा माणूस अजून भेटतो आहे तोवर त्याला विचारून घ्या, फाँट कुठला होता. त्याचं उत्तर कागदावर लिहून सीडीच्या पाकिटात ठेवा, आणि मग रूपांतराला लागा.

साधनं जाणारच. ओपनऑफिस गेलं तसं एक दिवस लिब्रेऑफिसही जाईल, त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. जाताना त्याने किल्ली मागे ठेवली का, एवढंच पाहायचं. ओपनऑफिसने ठेवली होती, म्हणून आज ही गोष्ट मी वारशाची म्हणून सांगू शकलो.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.